चार बोटांची फट

तिसऱ्या दिवशीही पिकअपचं डावं दार निंबाला बसवता आलं नाही.

गाडी रिकामी असली की दार एका बोटानं लागायचं. मागे हौद्यात माणसं चढली की तेच दार वरच्या कोपऱ्यात अडायचं आणि खांदा लावून ढकलावं लागायचं. त्यानं बिजागरीखाली पत्र्याची चकती घालून पाहिली, कडी घासून पाहिली, शेवटी दारालाच दोन लाथा घातल्या. बाकीच्या दुखण्यांचा पत्ता लागला होता. क्लच जरा वर धरत होता, मागचं डावं टायर एकाच कडेनं झिजलं होतं, रेडिएटरच्या खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी जात होतं. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच. दाराचं मात्र त्याला काही कळेना.

ओट्यावर आबा डोळे मिटून इंजिन ऐकत बसले होते.

"आवाज देख निंबा. काय दम शे गाडीले! दारनं काय लई बसना? दार तं सुतार बी बसाडी देई."

"सुतारनं काम नही शे आबा. काहीतरी सरकेल शे."

"काय सरकेल शे?"

"तेच तं समजत नही."

जीवराम आबांनी पुन्हा डोळे मिटले. सोनगीरच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला तर चाळीस वर्षं आबांना सोबत नेत होते. गेल्या आठवड्यात जळगावला, जावई कामाला होते त्या डाळमिलच्या आवारात त्यांनी ही गाडीही तशीच पारखली होती. समोरून पाहिली, मागून पाहिली. दहा हमाल हौद्यात बसवून चौफुलीपर्यंत पळवायला लावली आणि परत आल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून तिची धाप बघितली. खाली वाकले नाहीत. जनावराच्या पोटाखाली दलाल वाकतो, घेणारा नाही, असं ते बाजारात तरुणांना सांगत. निंबा निघतानाच म्हणाला होता, हिलाल मिस्तरीला बरोबर नेऊ. त्यावर आबा भडकले होते. "जावाईना दारमा मिस्तरी लई जाऊ? चोरीना माल लेवाले चालनूत का आपन?"

आणि मग घरातली शेवटची बैलजोडी विकून ही निळी गाडी दारात आली होती.

"काय निंबाभाऊ, गाडी घेतली की दुसरं लग्न केलं?" जावई मगनराव आंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. "तीन दिवस झाले, तिचा पिच्छा सोडत नाहीस. सुनंदावहिनींनी काय करायचं?"

निंबा हसला. दाजींच्या थट्टेला हसायचं, हे त्यानं यंदा ठरवूनच टाकलं होतं. चार वर्षांपूर्वी दाजींना लग्नात दिलेल्या घड्याळावरून तो एक शब्द जास्त बोलला होता, आणि त्या एका शब्दापायी प्रमिलाताई चार अखाज्या माहेरी आली नव्हती. अख्ख्या खानदेशातल्या लेकी अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसतात, आणि ही जळगावला बसून. यंदा गाडीच्या निमित्तानं मगनराव आपणहून तिला घेऊन आले होते.

"दाजी, ही आधी कुणाच्या हातात होती?"

"मिलचीच. शेठजींची. डाळीची पोती वाहायची, दुसरं काय?" मगनराव टॉवेल झटकू लागले. "बारीकसारीक असेल काही, बघून घे. धंद्याला लागली की सोनं आहे."

धंद्याला लागली की. निंबाचं सगळं त्याच्यावरच टांगलं होतं. धुळ्याची सूतगिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. लहानपणचा दोस्त सुपडू सणाला सुरतेहून आला होता आणि त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, लूमवर एक जागा आहे, अखाजी झाली की चल, नाहीतर दुसरा येईल. निंबानं सुनंदाला शब्द दिला होता. गाडी चालली तर सुरत नाही.

गाडी मालाला लावण्याआधी ती देवीच्या पायावर घालायची होती. परवा, अखाजीच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीतल्या बायका-पोरांसकट बावीस माणसं हौद्यात बसून बिजासनच्या घाटात जाणार होती.

"चला रे पोरंहो," आबांनी ओट्यावरून हाक दिली. "मारुतीपावत एक चक्कर. चढा!"

*

गल्लीतली पोरं आणि चार बायका किलबिलत हौद्यात चढल्या तेव्हा सुनंदा ओट्याच्या टोकाला उभी होती. तिला सहावा महिना होता. ती चढणार नव्हती. तीन वर्षांची बबी मात्र गाडीला चिकटूनच होती. गाडी ओट्याला लावूनच उभी केलेली, त्यामुळे पोरीचा हात केबिनच्या पाठीपर्यंत पोचत होता. केबिन आणि हौदा यांच्या मधे एक फट होती, आणि बबीला त्या फटीत सकाळपासून काहीतरी सापडलं होतं. ती मूठ आत घालायची, बाहेर काढायची, हसायची.

"बबे, हात काढ."

शेजारची शेवंताकाकू, तिच्या दोन सुना, त्यांच्यामागून सगळी पोरं चढली. कुठंतरी काचेचं काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि बबी किंचाळली.

सुनंदानं तिला खसकन मागे ओढलं. मनगटावर रक्ताचा एक थेंब होता, एवढंच. बांगडी फुटली होती. तिनं पोरीला छातीशी धरलं, तिची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, पाचही पाहिली. पोरगी जास्त बांगडीसाठीच रडत होती.

गाडी अजून हलली नव्हती. निंबा आतून डाव्या दाराला खांदा लावत होता. गाडी हलली नाही, मग बांगडी फुटली कशी?

तिनं बबीला कडेवर घेतलं आणि आपला हात फटीत घातला. दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही.

गाडी गेली, मारुतीला वळसा घालून आली, पोरं उड्या मारत उतरली. सुनंदानं पुन्हा हात घातला. चार बोटं आरामात गेली, वर अंगठ्याला जागा राहिली.

ती तिथेच उभी राहिली. मशीनमधलं तिला काही कळत नव्हतं. ती धुळ्याची, देवपुरात वाढलेली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली मुलगी. पण खाटेची चौकट मधे मोडलेली असली की माणूस बसल्यावर दोन्ही टोकं एकमेकांकडे झुकतात, हे कुणालाही कळतं. गाडी मधेच मोडलेली होती. म्हणून दार अडत होतं.

समोर निंबा हातावरचं तेल पुसत दाराकडे बघत होता. त्याच्या मानेवर घाम होता, केसांत कोळ्याचं जाळं अडकलं होतं. एक हाक मारायची, बस. तिनं मारली नाही.

ती आत गेली आणि सांजोऱ्यांचं पीठ मळायला बसली. दोन तास ती कुणाशीही बोलली नाही. पिठात हात फिरत राहिले आणि मनात एकच चाललं होतं. बोललं नाही तर काय होईल? दार काय, अडत राहील. गाड्या वर्षानुवर्षं अशाच चालतात. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या तशाच असतील. बाळंतपणाला हा माणूस घरी असेल. पहिल्या वेळी गिरणीतून सुट्टी मिळाली नव्हती, बबी चार दिवसांची झाली तेव्हा तोंड दाखवलं होतं त्यानं. या वेळी म्हणाला होता, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहीन, हाकललं तरी उठणार नाही.

बबी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. फुटक्या बांगडीचा ओरखडा आता सुकला होता. लहानशी तपकिरी रेघ. सुनंदा तिच्याकडे बघायचं टाळत होती.

*

"ताई, गाडी वाकते," सुनंदा म्हणाली.

प्रमिला चुलीपुढे बसून सांजोऱ्या तळत होती. तिला आधी नीट कळलंच नाही.

"काय करते?"

"वाकते. मधून. माणसं बसली की फट मिटते. मी बोटं घालून पाहिलं."

प्रमिलाच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. माघातली एक सकाळ तिच्यासमोर उभी राहिली. मगन घरी आले होते, शर्टाला डाळीचा कोंडा, कोपराला फडकं बांधलेलं. शेठची गाडी वरणगावच्या रस्त्याला कलंडली, म्हणाले, कुणाला लागलं नाही, चहा टाक. ती गाडी पांढरी होती. ही निळी. परवा दारात ही निळी गाडी बघितली तेव्हा तिच्या मनात काहीतरी हललं होतं, आणि तिनं ते विचारलं नव्हतं. विचारायला काय लागलं असतं? दोन शब्द. पण मगन आंब्याची करंडी घेऊन हसत रिक्षातून उतरत होते, आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आत नेत होते, आणि चार वर्षांनी तिच्या पायाला माहेरचं अंगण लागलं होतं.

"वहिनी," ती हळू म्हणाली, "देवीला जाऊन येऊ दे. मग सांग."

"देवीला जायचंय म्हणूनच सांगायला हवं ना, ताई. घाट आहे तो."

"तू जाऊ नको. पोटाचं निमित्त सांग आणि बबीला घेऊन घरी राहा. मी बसते. मी पुढे बसते."

"आणि शेवंताकाकूची नातवंडं?"

कढईत सांजोरी लाल होऊन काळी पडायला लागली.

"चार वर्षं गं," ती म्हणाली. "आमच्या मागच्या गल्लीत कडुनिंबाला झोके बांधतात. शेजारणीच्या लेकी येतात, गौराईची गाणी म्हणतात. मी खिडकी लावून घ्यायचे. यंदा हे स्वतःहून बोलले, चल, तुझ्या आबांना गाडी मिळवून देतो. आता तीच गाडी खोटी निघाली, तर मला परत कोण आणणारे इथं?"

"मला हौस आहे का सांगायची?" सुनंदाचा आवाज एकदम फुटला. "गाडी गेली की हे सुरतेला जातील. तुमची अखाजी जाईल, ताई. माझं तर घरच रिकामं होतंय. दोन तास झाले, गप्प बसलेय मी." तिनं परातीतलं पीठ पुन्हा मुठीत दाबलं.

मघाशी बाहेरून आल्यापासून सुनंदाचा चेहरा असा का होता, ते प्रमिलाला आता कळलं, आणि लाजही वाटली. तिनं जळकी सांजोरी काढून बाजूला टाकली. झोपलेल्या बबीच्या मनगटाकडे तिची नजर गेली.

"हे कशानं झालं?"

सुनंदानं सांगितलं.

प्रमिला बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग पदरानं चेहरा पुसून म्हणाली, "जा. सांग निंबाला. पण माझ्यादेखत नको."

*

हिलाल मिस्तरी उन्हं उतरायला लागली तेव्हा आला. निंबानं त्याला लुनावर मागे बसवून आणलं होतं. निंबाचा चेहरा बघून आबांना कळलं की दाराचं प्रकरण नाही.

"आज सननी तयारी सोडीसन मिस्तरी?" आबा म्हणाले.

"काय करतस आबा. तुम्हना बैल बिमार पडना ते डॉक्टरले तिथी-वार सांगतस का?" हिलाल हसला. पेटी खाली ठेवून त्यानं गाडीखाली गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत आत गेला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले.

खालून हातोडीचा आवाज येऊ लागला. हळूहळू, एकाच लयीत. ठण्. ठण्. ठण्. लोखंड निरोगी होतं. आबांचे कान त्याच्यामागे जात होते. बैलाच्या पाठीवर थाप मारली की आतून कसा आवाज येतो, यावर त्यांनी आयुष्यात किती जनावरं घेतली आणि किती सोडली. ठण्. ठण्. मग केबिनच्या मागे आल्यावर आवाज बसला. थप्.

हिलालनं पुन्हा तिथेच मारलं. थप्.

आबांची मान एकदम त्या बाजूला वळली. मिस्तरीनं काही सांगायची गरज नव्हती.

"निंबाभाऊ, रॉकेल दे. फडकं दे. आनि मनी पेटीमातला खडू."

खरवडल्याचा आवाज आला. डांबरासारख्या काळ्या रंगाचे पापुद्रे गोणपाटावर पडू लागले. हिलालनं तिथे रॉकेल फासलं, जरा वेळानं कोरडं पुसून घेतलं, वरून पांढरा खडू घासला आणि बाहेर येऊन बिडी पेटवली.

"आते?" निंबानं विचारलं.

"आते वाट देखानी. तडा व्हई ते रॉकेल त्यामा जाई बसेल शे. खडू त्याले वर वढी काढी."

सगळे थांबले. मगनराव कडुनिंबाखाली उभे होते. मघापासून ते एक काडी घेऊन तिचे बारीक बारीक तुकडे करत होते. शेवंताकाकू भिंतीवरून डोकावत होती. दारात सुनंदा होती आणि तिच्या मागे, अर्धी अंधारात, प्रमिला. पिठाचे हात तसेच. पदराचं टोक दातात धरलेलं. आबांना आठवलं, लहानपणी ही पोर माळवदावरून पडली होती आणि मार बसेल म्हणून मोडका हात पाठीमागे लपवून अशीच, पदर नव्हता तेव्हा, परकराचं टोक चावत उभी राहिली होती.

बिडी संपली. "ये निंबाभाऊ. देख."

निंबा खाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

"किती शे?" आबांनी विचारलं.

उत्तर हिलालनं दिलं. "चासी तुटेल शे आबा, गाडीना कणाच. डावी बाजू पुरी, उजवी अर्धी. वेल्डिंग करीसन वर पट्टी मारेल शे, आनि आते पट्टीना बाहेर तडा निंघना. खडूवर काळी रेघ उठनी, इतली." त्यानं हाताची वीत दाखवली. "रिकामी फिराव, काही व्हनार नही. माणसं भरीसन घाटमा गई असती ते..."

"पट्टी बदली देवानी," आबा म्हणाले.

"त्यावर आखो पट्टी? ते आते मानसंले मारानं काम शे. चासी नवी टाकानी म्हंजे दुसरी गाडी लेवानी." हिलाल हात पुसत होता. त्याला कुणाचं कोण नातेवाईक हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो थांबू शकला नाही. "वेल्डिंग ताजं शे. दोन-तीन महिनानं. हाई गाडी पलटी व्हयेल शे आबा. वरतून डांबर फाशी दिन्हं. ज्यानी इकी त्याले बठ्ठं माहीत व्हतं."

कुणीही मगनरावांकडे बघायचं ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी बघितलं.

निंबा गाडीखालून बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं. "दाजी," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. आबांना तो आवाज माहीत होता. चार वर्षांपूर्वी घड्याळाच्या वेळी तो असाच हळू सुरू झाला होता. "दाजी, माझी पोरगी बसणार होती ह्याच्यात. माझी बायको..."

मगनरावांच्या हातातली काडी संपली होती. "मला काय विचारतोस? मी मिस्तरी आहे का? शेठजी म्हणाले, गाडी चांगली आहे..." त्यांचा आवाज चढला. "प्रमिला! सामान भर. बास झालं."

दारात प्रमिला हलली नाही. रडलीही नाही. तिनं फक्त डोळे मिटले. कुठून तरी हे येणारच आहे, हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याच्यासारखे.

आबा ओट्यावरून उठले. काठी लागली नाही.

"निंबा," ते म्हणाले. "पाव्हनाले काही बोलू नको. त्यास्नी माले सांगेल व्हतं."

"काय सांगेल व्हतं?"

"गाडी पलटेल शे, चासीले वेल्डिंग शे. बठ्ठं सांगेल व्हतं. मी बोलनू, चाली जाई."

निंबा त्यांच्याकडे बघत राहिला. "आबा, तुम्ही खाले देखं?"

"देखं. मी वाकनू व्हतू. तठेच, मिलमा. सस्ती भेटनी म्हनीसन लिन्ही मी गाडी."

सोनगीरचा जीवराम, वाकून बघून, मोडलेलं जनावर लेकाच्या गळ्यात बांधून आला. भिंतीपलीकडे शेवंताकाकू होती, समोर हिलाल होता. उद्या सणाला पत्त्यांच्या डावावर गावभर हेच होईल. आबांनी ते बोलताबोलता मोजून घेतलं आणि मान खाली घातली नाही.

"आनि माले?" निंबाचा आवाज फाटला. "माले काब्रं नही सांगं?"

"तुले सांगतू ते तू नको म्हनता."

निंबाच्या हातात स्पॅनर होता. तो त्यानं जपून, आवाज न करता पेटीत ठेवला. मगच गाडीच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली नाही.

मगनराव कडुनिंबाखाली उभे होते. त्यांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदाच. "मी म्हणालोच होतो," ते शेवटी पुटपुटले. "आबांना सगळी कल्पना दिली होती."

प्रमिलानं डोळे उघडले. सामान कुणी भरलं नाही.

*

अखाजीच्या सकाळी, पितरांची घागर पूजली जाण्याआधीच, निंबानं पिशवी भरली. सणाच्या दिवशी कुणी घर सोडतं का, असं शेवंताकाकूनं विचारलं. त्यानं पिशवीचा बंद आवळला. सुपडूलाही त्यानं एक दिवस आधीच निघायला लावलं होतं; तो दुपारी नरडाण्याच्या स्टेशनवर भेटणार होता, तिथून सुरतेची पॅसेंजर. आबा ओट्यावर बसले होते. निंबा त्यांच्यासमोरून गेला, चपला घातल्या, पायाला हात लावला नाही.

सुनंदा फाट्यापर्यंत त्याच्याबरोबर चालली. बबी त्याच्या खांद्यावर होती. दूर कुठंतरी मुली गौराईची गाणी म्हणत होत्या. ऊन अजून कोवळं होतं तरी रस्त्याचं डांबर मऊ पडायला लागलं होतं.

"पाया पडायला हवं होतं," ती म्हणाली.

"आबा वाकले नव्हते."

ती थांबली.

"चल. थांबू नको, बस जाईल." तो चालतच राहिला. "हातोडी थप् वाजली ना, तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होतो. चमकले. आधीच माहीत असलेला माणूस असा चमकत नाही."

"मग काल त्यांच्यावर एवढे का भडकलात?"

"दाजी समोर होते. मी मानलं नसतं तर आबांचं बोलणं कुणी मानलं असतं?" तो रस्त्याच्या कडेला सरकला. "आज पाया पडलो असतो तर म्हातारा रडला असता. मग दाजींना कळलं असतं, की आम्हाला सगळं कळलंय. त्यांनी काल ताईला सामान भरायला सांगितलं होतं, सुनंदा. तुला तिचा चेहरा दिसला नाही. तू पुढे होतीस."

सुनंदाला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मी तुम्हाला लगेच सांगितलं नव्हतं. फट दिसली आणि दोन तास गप्प बसले. सुरतेसाठी."

निंबानं बबीला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "मी असतो तर दोन दिवस गप्प बसलो असतो," तो म्हणाला.

एसटी आली. त्यानं पोरीचा हात घेऊन आपल्या गालावर घासला. दाढी टोचली म्हणून ती हसली. चढताना तो वळून म्हणाला, "दाजी गेले की आबांना सांग, मला कळलंय म्हणून. तोंडानं सांग. आधी नको, काही झालं तरी."

"कधी जाणार आहेत ते?"

"तीन दिवस आहेत, म्हणाले."

कंडक्टरनं घंटी मारली.

ती परत आली तेव्हा आबा ओट्यावर तसेच होते. शेजारी मगनराव मांडी घालून बसले होते, पुढ्यात परात, डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी करत. निळी गाडी भिंतीला लागून उभी होती आणि तिच्या हौद्यात कुणीतरी वाळायला कुरडया घातल्या होत्या.

सुनंदा पायरी चढू लागली. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडेच बघत विचारलं, "गया का?"

"हो आबा."

"मनाबद्दल... बापबद्दल काही बोलना का?"

मगनरावांचा चाकू फोडीत थांबला. सुनंदानं आबांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवर उताणे होते, काहीतरी घ्यायला पसरल्यासारखे. तिच्या तोंडाशी ते आलं होतं. फक्त चार शब्द.

"नाही आबा," ती म्हणाली. "काहीच नाही बोलले."

आबांनी हळूहळू मान हलवली. हात पालथे केले.

"बराबर शे त्यानं," ते म्हणाले. "जाय माय, पानं वाढ. पाव्हनाले भूक लागनी व्हई."

सुनंदा आत गेली. प्रमिलानं आमरसाचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं आणि वर बघितलं नाही. सुनंदानं पहिलं पान मगनरावांचं वाढलं.